खालची पायरी आणि वेतनाचा लेखी खुलासा

(सोमाटणे येथे भरलेल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मेळाव्याच्या व्यासपीठावरून गुणवंतांचा सत्कार व्हावा, नव्या पदवीधरांचे कौतुक व्हावे, बढती मिळालेल्यांची नावे वाचून दाखवावीत, हा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ज्यांची बढती झाली नाही, इतकेच नव्हे तर ज्यांना नोकरीत एक-दोन पायऱ्या खाली उतरावे लागले, अशा बांधवांविषयी या व्यासपीठावरून आजवर कोणी अवाक्षर काढल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्यांची संख्या आपण समजतो तितकी अल्प नाही. आज या सभागृहातही असे काहीजण बसलेले असतील, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या सख्ख्या आप्तासही त्याची वार्ता नसेल. म्हणून चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली तेव्हा आम्ही हाच विषय घेतला. तो मंगल नाही, पण उपयोगाचा आहे.

आमचे आयुष्य कचेरीच्या आस्थापना शाखेत गेले. दुसऱ्यांची सेवापुस्तके लिहिणे, वेतननिश्चिती तपासणे, रजेचा हिशोब लावणे हाच आमचा व्यवसाय. निवृत्तीनंतर मावळातील कारखान्यांत आणि पिंपरी-चिंचवडकडे नोकरीस जाणारी आपली मंडळी कागद घेऊन येऊ लागली, त्यामुळे खाजगी नोकरीतील कागदांचाही परिचय झाला. खरे म्हणजे कागदांपेक्षा कागदांच्या अभावाचाच परिचय अधिक झाला.

चौराईच्या डोंगराखालून जाणाऱ्या या हमरस्त्यावर पहाटे फाट्यापाशी उभे राहिले म्हणजे कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग दिसते. तळेगाव, नवलाख उंबरे, चाकण या पट्ट्यातील कारखानदारीने आपल्या दोन पिढ्यांस अन्न दिले, हे विसरून चालणार नाही. पण त्याच कारखानदारीचे चढउतारही आपण पाहिले. तळेगावचा जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ती जागा व काही यंत्रसामग्री ह्युंदाई कंपनीने घेण्याचा करार झाला. मधल्या काळात कामगारांच्या मोबदल्याचे आणि पुन्हा कामावर घेण्याचे वाद न्यायासनांपर्यंत गेले. ज्यांना वाट पाहणे परवडले नाही त्यांनी मिळेल ते काम धरले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा तर कारखाना आणि कचेरी, कामगार आणि अधिकारी असा भेदच उरला नाही. अर्ध्या पगारावर, खालच्या हुद्द्यावर, कंत्राटदाराच्या खात्यावर माणसे निमूट कामास लागली. त्यात लाज वाटण्याजोगे काही नव्हते. घरात चूल पेटती ठेवणे हे गृहस्थाचे पहिले कर्तव्य होय.

मग अडचण कोठे येते? आमच्या अनुभवाप्रमाणे माणूस हुद्दा खाली आल्याचे लपवितो, आणि जे लपवावयाचे त्याविषयी कागद मागवत नाही. पत्र आले तर ते घरात कोणी वाचील, मुलाच्या हाती लागेल, सोयऱ्यांच्या कानी जाईल, अशी धास्ती त्याला असते. आपल्या याच स्मरणिकेत वधूवरांच्या पानांवर ‘हुद्दा’ नावाचा रकाना असतो, आणि बापाचा हुद्दा काय लिहावा यावरून घरोघरी किती खल चालतो हे पाने जुळविणाऱ्या आमच्या तरुण कार्यकर्त्यांस विचारावे. त्या एका रकान्यापायी कित्येकांनी वर्षानुवर्षे ‘सुपरवायझर’ हे नाव मिरविले आणि वेतनाचा खुलासा मात्र कधी मागितला नाही.

मावळच्या इतिहासातही याचे एक दूरचे उदाहरण सापडते. येथून जवळच तळेगावी सरसेनापती दाभाड्यांचे घराणे. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले. छत्रपती शाहू महाराजांनी सेनापतिपद त्याच घराण्यात यशवंतरावांकडे ठेवले. परंतु गुजरातेतील सत्ता आणि उत्पन्न पुढे हळूहळू गायकवाडांकडे गेले. पद राहिले, वेतन गेले. आपल्या बांधवांची गत पुष्कळदा अशीच होते, आणि काहींची नेमकी उलटी, म्हणजे पद जाऊन वेतन टिकते. ही दुसरी गत पहिलीपेक्षा शतपट बरी, हे आम्ही आस्थापना शाखेतील माणूस या नात्याने निःशंक सांगतो.

आता एका बांधवाची हकीकत सांगतो. नाव, गाव, कंपनी काही सांगणार नाही. वीस वर्षे एका कारखान्यात काम करून हे गृहस्थ देखरेखीच्या पदापर्यंत चढले होते. खाते आकसले, तेव्हा वरिष्ठांनी बोलावून सांगितले, “तुम्हांला काढावयाचे नाही, मशीनवर परत जा. पगाराचे आपण बघू.” गृहस्थ सज्जन, त्यांनी ‘आपण बघू’ याचा अर्थ ‘पगार तोच राहील’ असा घेतला. पहिले दोन महिने हातात येणारी रक्कम खरोखरच जवळजवळ तेवढीच होती. पुढे पावती नीट पाहिली तेव्हा ध्यानात आले की मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून जे २६,००० रुपये होते ते १९,५०० वर आले होते आणि उरलेली रक्कम ‘विशेष भत्ता’ या नावाने दाखविली होती. सहा महिन्यांनी तो भत्ताही थांबला. विचारावयास गेले तर उत्तर मिळाले, “तुम्हीच मान्य केले होते.” काय मान्य केले होते, ते कोठेच लिहिलेले नव्हते.

मूळ वेतनाच्या या बदलाने काय घडते ते आकड्यांत पाहू. ग्रॅच्युइटीचा हिशोब शेवटच्या वेतनावर होतो: महिन्याच्या वेतनास २६ ने भागावयाचे, १५ ने गुणावयाचे, आणि पुन्हा सेवेच्या पूर्ण वर्षांनी गुणावयाचे. २६,००० वेतनावर पंधरा दिवसांचे १५,००० होतात. वीस वर्षांचे ३,००,०००. हे गृहस्थ त्या दिवशी नोकरी सोडून गेले असते तर त्यांना तेवढी रक्कम मिळाली असती. १९,५०० वेतनावर पंधरा दिवसांचे ११,२५०. अधिक दोन वर्षे राबून बावीस वर्षे भरली तरी रक्कम होते २,४७,५००. म्हणजे दोन वर्षे अधिक काम करून साडेबावन्न हजारांची तूट! जुन्या आकड्याशी बरोबरी करावयास एकूण जवळजवळ सत्तावीस वर्षांची सेवा लागते. पायरी उतरताना मागील वीस वर्षांची कमाईही आपल्यासोबत उतरते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

यास अपवाद आहे. नोकरीत असताना अपंगत्व आल्यामुळे कमी वेतनावर काम करावे लागले, तर पूर्वीच्या सेवेचा हिशोब पूर्वीच्या वेतनाने आणि पुढच्या सेवेचा पुढच्या वेतनाने करावा, असे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सांगितले होते आणि आजच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. सुदृढ माणसास मात्र असे आपोआप संरक्षण नाही. परंतु मालकाशी करार करून कायद्याहून अधिक चांगल्या अटी मिळविण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा पायरी उतरताना ‘आजपर्यंतच्या सेवेची ग्रॅच्युइटी आजच्या वेतनाने धरावी’ एवढे एक वाक्य लिहून घेता आले, तर वरच्या उदाहरणातील तूट उद्भवतच नाही. ते वाक्य मागण्याची वेळ होकार देण्यापूर्वीची. नंतर ते कोणी देत नाही.

कामगार-कपातीच्या भरपाईतही हीच मेख आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावयाचे, आणि महिनेवारी पगारदाराची सरासरी काढावयाची ती मागील तीन पूर्ण महिन्यांवरून. आज खाली उतरविले आणि चार महिन्यांनी कमी केले, तर भरपाई खालच्या वेतनाची. प्रत्येक मालक असे ठरवून करतो, असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ मालक खरोखरच माणूस वाचविण्यासाठी खालचे काम देतात. पण हिशोबाला हेतू कळत नाही.

याहून मोठा फास राजीनाम्याचा. “जुन्या जागेचा राजीनामा द्या, नव्या जागेवर उद्याच नेमणूक देतो,” असे म्हटले जाते. कधी ती नवी नेमणूक त्याच कंपनीत असते, कधी भावंड-कंपनीत, कधी ठेकेदाराकडे. आपला माणूस सही करतो आणि वीस वर्षांची अखंड सेवा एका सहीने तुटण्याची वेळ येते. बंधूंनो, खालच्या पदासाठी राजीनामा लागत नाही. पदबदलाचे पत्र पुरते. राजीनाम्यावाचून गत्यंतर नाही असे सांगण्यात आले, तर सही करण्यापूर्वी आजपर्यंतचे सारे देणे चुकते होणार की सेवा सलग धरली जाणार, याचे उत्तर लेखी घ्यावे. दोहोंपैकी एक तरी झालेच पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने किती आहे, असा प्रश्न साहजिक येतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमाप्रमाणे वेतन, भत्ते, कामाचे तास, श्रेणीनुसार वर्गवारी अशा बाबींत कामगाराच्या अहिताचा बदल करावयाचा तर मालकाने एकवीस दिवसांची नोटीस द्यावयाची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, आणि त्यांतील औद्योगिक संबंध संहितेतही बदलाच्या नोटिशीची तरतूद राहिली आहे. मात्र हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारास आहे. देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा मनुष्य त्या व्याख्येबाहेर जातो. यातून एक मौजेची गोष्ट निष्पन्न होते. जो सुपरवायझर पुन्हा प्रत्यक्ष मशीनवर जातो, तो हुद्द्याने उतरतो, पण कायद्याच्या छपराखाली परत येतो. जादा तासांचा दुप्पट दरही कारखान्यातील कामगारास कायद्याने मिळतो, तर देखरेखीच्या पदावर तो अनेक ठिकाणी नाकारला जातो. वरची खुर्ची म्हणजे सर्व प्रकारे वरचीच, हा आपला ग्रह थोडा सैल करावयास हरकत नाही.

सरकारी नोकरांचे प्रकरण निराळे आणि पुष्कळ बरे. देहूरोडच्या आयुध निर्माणीत, डेपोत, रेल्वेत आपली माणसे आहेत. केंद्राच्या मूलभूत नियमांत जुने वचन आहे की अकार्यक्षमता वा गैरवर्तन हे कारण नसेल, अथवा नोकराची स्वतःची लेखी विनंती नसेल, तर त्याला कमी वेतनाच्या जागी बदलता येत नाही. ‘लेखी विनंती’ हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत. कौटुंबिक अडचणीस्तव गावाजवळ बदली मागणारा खालचे पद आणि तळाची ज्येष्ठता पत्करतो. त्याचे वेतन कसे धरावयाचे याचे नियम आहेत, परंतु अर्जात वेतननिश्चितीचा उल्लेखच केला नाही तर पुढे वर्षानुवर्षे फाइल फिरते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. रेल्वेच्या इंजिन-चालकाची दृष्टी मंदावली तर त्याला स्थिर जागेवर घेताना मूळ वेतनात तीस टक्के धावत्या भत्त्याचा अंश मिळवून वेतन ठरवितात. लोणावळ्याच्या घाटात गाडी चालविणाऱ्यांच्या घरी हे माहीत असते. इतरांच्या कानावर असावे म्हणून सांगितले. शिवाय सेवेत असता अपंगत्व आलेल्यास शासकीय आस्थापनेने पदावनत करू नये, तेच वेतन ठेवून झेपेल असे दुसरे काम द्यावे, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांगितले आहे. एसटीच्या चालकांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी हे कलम अवश्य वाचावे.

भगिनींविषयी दोन शब्द. हिंजवडीस जाऊन-येऊन चार तास मोडतात म्हणून आपल्या कित्येक लेकी-सुना तळेगाव-सोमाटण्यात खालच्या पदाची नोकरी आपखुशीने धरतात. त्यांत कमीपणा मानणाऱ्या सासरच्या मंडळींनी आधी तो प्रवास आठवडाभर करून पाहावा. परंतु प्रसूतिरजेवरून परतलेल्या सुनेस “तुमची जागा भरली, आता ही घ्या” असे सांगितले जाते, ती गोष्ट निराळी. त्या रजेच्या काळात तिच्या सेवाशर्ती तिच्या अहिताच्या रीतीने बदलण्यास १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यापासूनच मनाई होती. तिथे निमूट होकार देऊ नये.

आता मुख्य कामाकडे वळतो. तोंडी बोलणे झाले आणि पत्र मिळाले नाही, तर आपण स्वतः लिहावे. भाषा भांडणाची नसावी, उपकाराचीही नसावी. आम्ही बांधवांस जो मसुदा देतो तो साधारण असा:

“माननीय महोदय, दिनांक अमुक रोजी आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार मी अमुक पदाऐवजी तमुक पदावर दिनांक अमुकपासून काम करण्यास तयार आहे. माझ्या समजुतीप्रमाणे माझे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून इतके रुपये राहील आणि इतर भत्ते पुढीलप्रमाणे राहतील. माझी सेवा पूर्वीच्या नेमणुकीच्या तारखेपासून सलग धरली जाईल, शिल्लक रजा कायम राहील, आणि आजपर्यंतच्या सेवेची ग्रॅच्युइटी आजच्या वेतनावर धरली जाईल. ही व्यवस्था अमुक मुदतीपुरती आहे अथवा कायमची आहे, तसेच पुढे वरची जागा निघाल्यास माझा विचार होईल किंवा कसे, हे कृपया कळवावे. वरील समजुतीत काही फरक असल्यास सात दिवसांत लेखी कळविण्याची कृपा करावी.”

आकडा लिहिताना ‘पूर्वीप्रमाणे’ हा शब्द वापरू नये, रुपये लिहावेत. हातात येणारा पगार नव्हे, मूळ वेतन लिहावे. नव्या संहितांप्रमाणे वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरावयाचा असतो, त्यामुळे ‘विशेष भत्त्या’च्या जुन्या युक्तीस आता थोडा आळा बसेल, तरी आकडा लिहिण्याचा कंटाळा करू नये. एकूण वेतन २१,००० रुपये किंवा त्याहून कमी होत असेल तर राज्य कामगार विम्याची वर्गणी सुरू होईल काय आणि कंपनीचा वैद्यकीय विमा, विशेषतः आईवडिलांचा, राहील काय, हेही त्याच पत्रात विचारावे. फंडाच्या पेन्शनीचा हिशोब शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरीवर होतो आणि त्यासाठी वेतनाची मर्यादा १५,००० धरतात, म्हणून मूळ वेतन त्याखाली जात असेल तर पन्नाशी उलटलेल्यांनी अधिक सावध राहावे.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी; पूर्वीचे रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टातच विलीन झाले आहे. ईमेलने पाठविल्यास एक प्रत स्वतःच्या खाजगी पत्त्यावर असावी, कारण नोकरी सुटली की कंपनीच्या पत्त्याचे दार त्याच संध्याकाळी बंद होते.

“असे पत्र दिल्याने साहेबांचे मन दुखावेल,” ही शंका आम्हांस हटकून ऐकावयास मिळते. ती अगदीच पोकळ नाही. कोठे कोठे कपाळाला आठी पडते, आणि एका ठिकाणी तर पत्र परत घेण्याचा आग्रह झाल्याचेही आम्हांस ठाऊक आहे. पण जो साहेब आज भल्या मनाने शब्द देतो तो तीन वर्षांनी त्या खुर्चीवर असेलच असे नाही, आणि नव्या साहेबास जुन्याचा शब्द ऐकू येत नाही. मुलीचे लग्न ठरविताना आपण याद्या करतो, त्यांवर दोन्हीकडच्या सह्या घेतो. व्याही त्याने रुसत नाहीत. ज्यावर घराचा हप्ता आणि मुलांची फी अवलंबून आहे त्या व्यवहाराची यादी करण्यास संकोच कशाचा?

आणि घरी सांगावे. गृहिणीपासून पगाराची पावती लपवू नये. वरच्या हकिकतीतील गृहस्थांच्या पत्नीने ती पावती पहिल्याच महिन्यात पाहिली असती, तर ‘विशेष भत्ता’ म्हणजे काय, हा प्रश्न तिने तत्क्षणी विचारला असता. किराण्याच्या यादीत पावशेराचा फरक जिच्या नजरेतून सुटत नाही तिला साडेसहा हजारांचा फरक दिसला नसता, हे संभवत नाही.

वधूवरांच्या पानांवरील तो ‘हुद्दा’ रकाना पुढील वर्षापासून काढून तेथे नुसते ‘व्यवसाय’ लिहावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. तीवर मतभेद आहेत. काही ज्येष्ठ सभासदांचा विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाईल.

ज्या बांधवांना वा भगिनींना असे पत्र लिहावयाचे असेल त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत यावे. मसुदा पाहून देण्यास आम्ही आणि आणखी दोघे निवृत्त मंडळी बसतो. येताना नेमणुकीचे पत्र, शेवटच्या बढतीचे पत्र आणि निदान बारा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणाव्यात. मूळ कागद घरीच ठेवावेत, झेरॉक्स प्रती आणाव्यात. आणि अजून होकार दिला नसेल, तर तो देण्यापूर्वीच्या रविवारी यावे.